मदत हवी आहे: सी कोड लॅपटॉपवर चालतो, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर अडकतो, बिल्डही (फाइली कंपाइल करून प्रोग्राम बनवणं) फार हळू

ठिबकवाला: वरुडकडच्या संत्रा बागेसाठी ठिबकचा कंट्रोलर आहे. सी, ३८ फाइली, सगळ्यांत एकच मोठं हेडर (सामायिक घोषणांची फाइल). लॅपटॉप जुना, २ जीबी रॅम, लिनक्स, जीसीसी कंपाइलर. एक ओळ बदलली तरी सगळं पुन्हा कंपाइल होते. रात्री लाइन आली की पंप पाहायचा की बिल्ड? दुसरं, वेळापत्रकाची फाइल वाचणारा लूप लॅपटॉपवर थांबतो, रास्पबेरी पायवर थांबतच नाही. कंपाइलरला डॅश पेडँटिक (कडक नियमतपासणीचा पर्याय) लावलं, एकही वॉर्निंग नाही. असं काऊन? लूप असा: सी नावाचं व्हेरिएबल, प्रकार कॅर (एका अक्षराचा), त्यात गेटसीचं (फाइलीतून एक अक्षर वाचणारं फंक्शन) उत्तर, ते ईओएफ (फाइल संपल्याची खूण) होईस्तोवर.

खामगावकर: भाऊ, लूपचं आधी. पायवर साधं कॅर अनसाइन्ड असते, म्हणजे त्यात उणे आकडा मावत नाही. ईओएफ म्हणजे उणे एक, ते कॅरमध्ये २५५ होते आणि उणे एकशी कधीच जुळत नाही. सी ला इंट (उणे आकडाही मावणारा पूर्णांक) करा, झालं. लॅपटॉपवर डॅश एफअनसाइन्ड-कॅर लावून पाहा, जुना लूप तिथंही अडकेल. पेडँटिक फक्त भाषेच्या नियमाबाहेरचं लिखाण पकडते. हा कोड नियमात बसतो, म्हणून ते गप्प.

वेळेसाठी अंदाज नको, मोजा. टाइम लावून एकच फाइल आधी डॅश कॅपिटल ई ने (फक्त प्रीप्रोसेसिंग, म्हणजे हेडर आत आणणं), मग डॅश स्मॉल सी ने (पूर्ण कंपाइल) चालवा. फरक थोडा असेल तर वेळ प्रीप्रोसेसिंगमध्येच जाते. मग डॅश कॅपिटल एच लावा, ते उघडलेली हेडर दाखवते. जितके टिंब तितकं हेडर खोल, आणि शेवटी इन्क्लूड गार्ड (तेच हेडर दुसऱ्यांदा आत येऊ न देणारी अट) नसलेल्या हेडरची यादी येते. गार्ड असूनही कधी फायदा होत नाही: इफएनडेफच्या (गार्डची पहिली ओळ) वर एक जरी इन्क्लूड राह्यलं, तर जीसीसी ती फाइल दरवेळी पुन्हा उघडते. वर कॉमेंट चालते.

ठिबकवाला: इंट केलं, लूप थांबला. यादीत चार हेडर निघाले. पण सगळं पुन्हा कंपाइल होणं तसंच.

खामगावकर: ते मेकफाइलचं (काय कधी कंपाइल करायचं ते सांगणारी फाइल). डॅश एमएमडी लावा, ते कोणती फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून ते लिहून ठेवते, तयार झालेल्या डॉट डी फाइली मेकफाइलमध्ये इन्क्लूड करा. तरी मोठं हेडर बदललं की ३८ च्या ३८ होतीलच, ते फोडा.

मोर्शी_सी: पुढं अर्डुइनो उनोवर (छोटा कंट्रोलर बोर्ड, आर३ पर्यंतचा) नेणार असाल तर तिथं इंट १६ बिटांचा आहे. ४५०० झाडं गुणिले ताशी ८ लिटर म्हणजे ३६०००, आणि इंट ३२७६७ वर संपते. यूइंट३२_टी (३२ बिटांचा, उणे नसलेला पूर्णांक) मध्ये कास्ट (प्रकार बदलणं) गुणाकाराच्या आधी करा. उत्तर आल्यावर केलेला कास्ट बिनकामाचा, तोवर आकडा बिघडलेला असते.