मंदीत पार्टी फंड मागायला येतात, काय करायचं?

दोरवाला_हर्णै
मंडळी, माझं हर्णैला जाळी, दोर, बोया, इंजिनाचे स्पेअर असं छोटं दुकान आहे. दोन सीझन सलग वाईट गेलेत. बोटी चार-चार दिवस समुद्रात राहून डिझेलचे पण पैसे सुटत नाहीत, खलाशांचे पगार अंगावर, कोळंबीला भाव नाही (अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातून जाणाऱ्या मालावर ५० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावला त्या दिवसापासून व्यापारी रोज तेच कारण सांगून भाव पाडतो, खरं किती खोटं किती देव जाणे), आणि याचा शेवट होतो तो माझ्या उधारीच्या वहीत. अशात परवा एका पार्टीची पोरं आली, बुलेटवरून, म्हणे निवडणूक जवळ आली, दुकानदारांनी अकरा अकरा हजार काढायचे ठरलंय. कोणी ठरवलं? मला तर कोणी विचारलं नाही. द्यायला नको असं नाही हो, आजवर दिलेत. पण धंदा कसा चाललाय एवढं तरी विचारा की आधी. नाही म्हणायची पण भीती वाटते, बंदरावर दुकान आहे, उद्या कोण कुठला कागद काढेल सांगता येत नाही. तुमच्याकडे काय करतात?

देवबागकर
आमच्याकडे पण ह्याच चालू हा. इले, बसले, सोलकढी प्याले. मी म्हटलंय बाबांनो पर्यटकांच्यो खोल्यो रिकाम्यो पडल्यात, तुमीच दोन दिवस रव्हा आणि भाडा देवा, त्यातसून वर्गणी कापून घेवा. हसत हसत गेले. परत इले नाय अजून.

खातेवही
टॅक्सचं काम करतो म्हणून सांगतो. पावती मागा. पार्टीला २००० रुपयांच्या वर रोख देणगी घेता येत नाही, घेतली तर त्यांची इन्कम टॅक्सची सूट धोक्यात येते, २०१७ पासूनचा नियम आहे हा. म्हणजे अकरा हजार कॅशमध्ये मागतायत तिथेच गडबड आहे. चेकने किंवा ऑनलाइन पार्टीच्या खात्यावर दिले तर तुम्हाला इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळते, पण जुनी कर प्रणाली असेल तरच, नव्यात नाही. आणि एक, वर्षाला २०,००० च्या वर देणाऱ्यांची नावं पार्टीला निवडणूक आयोगाला कळवावी लागतात, त्याच्या खाली नाही. आता गंमत बघा, पोरं पार्टीच्या नावाने मागतात पण पावती देतात कुठल्यातरी महोत्सव समितीची. म्हणजे कायद्याने ती पार्टीची देणगीच नाही. तुम्हाला वजावट नाही, त्यांना हिशोब नाही, फक्त स्टेजवर साहेबांचा फोटो मोठा.

चाकरमानी_डोंबिवली
छोट्या दुकानदाराला पावतीपुस्तक आणि मोठ्यांना काय होतं? इलेक्टोरल बाँड, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पार्टीला द्यायचे देणगीचे रोखे. २०१८ ते २०२४ मध्ये १६ हजार कोटींच्या वर विकले गेले, कोणी कोणाला दिले ते तुम्हा-आम्हाला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केले तेव्हा कुठे याद्या बाहेर आल्या. तुमच्या अकरा हजारात यांचं काय होणारे, खरं तर तुम्ही कोणाचे आहात ते तपासायला येतात.

जुना_कार्यकर्ता
मी चाळीस वर्षं पावत्या फाडल्यात, त्यामुळे सगळ्यांना चोर म्हणू नका. ८२ च्या गिरणी संपात मुंबईच्या मनीऑर्डरी आटल्या, अर्धा गाव परत घरी आलेला, तेव्हा पण आम्ही फिरलो. पण कोणी रुपया दिला, एकीने पायलीभर तांदूळ दिले, त्याची पण पावती केली आम्ही. आकडा घरातला माणूस सांगायचा, आम्ही नाही. नाथ पै, नंतर मधु दंडवते, राजापुरातून परत परत खासदार म्हणून निवडून गेले ते काय अकरा हजारांवर? भाकरी बांधून फिरायची माणसं.

खातेवही
काका पटतं, पण आज विधानसभेच्या उमेदवाराला अधिकृत मर्यादाच ४० लाखांची आहे, आणि पार्टीच्या स्वतःच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. भाकरीवर नाही भागणार. कुठूनतरी येणारच ते, प्रश्न एवढाच की उघड येतात का.

जुना_कार्यकर्ता
मग उघड मागा ना. दुकान कसं चाललंय विचारून मागा. बुलेट बंद करून खाली तरी उतरा.

दोरवाला_हर्णै
अपडेट देतो. खातेवही साहेबांचं ऐकून म्हटलं, चेकने हजार देतो, पार्टीच्या नावाने पावती द्या. पोरगा म्हणाला दादांना विचारून सांगतो आणि गेला. आठ दिवस कोणी आलं नाही, म्हटलं सुटलो. काल सकाळी जेटीवर जातो तर वीस फुटी बॅनर, खाली शुभेच्छुकांमध्ये माझ्या दुकानाचं नाव आणि माझा फोटो, तोही माझ्या पुतण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला. एक रुपया दिलेला नाही अजून. आणि ज्याच्याकडे माझी सगळ्यात मोठी उधारी आहे तो बोटवाला दुपारी दुकानात येऊन चारचौघांत म्हणतो, शेठ बॅनरला बरे पैसे आहेत तुमच्याकडे, आमच्या मागेच का तगादा. आता याला काय पावती दाखवू?