मदत हवी आहे: मुलगा रात्री गुपचूप बाहेर जातो. आम्हाला कळलंय हे त्याला सांगावं का?

नमस्कार. इथे वाचते रोज, धागा पहिल्यांदाच काढतेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम मोघम ठेवलेत, समजून घ्या.

मुलगा सोळाचा आहे. अभ्यासात बरा, उलट उत्तरं वयाला शोभतील इतपतच. आमच्या मागच्या दाराची कडी कायम कुरकुरायची. मध्यंतरी लक्षात आलं की तिचा आवाज बंद झालाय. हात लावून पाहिला तर बोटांना तेल लागलं. नवऱ्याला विचारलं, त्याने घातलं नव्हतं. आमच्या घरात आपण होऊन कडीला तेल घालणारं कुणीच नाही, म्हणून तर ती इतकी वर्षं कुरकुरत होती. तिथेच मनात पाल चुकचुकली.

मग एका रात्री उठून त्याच्या खोलीत डोकावले. पांघरुणाखाली उशी आणि गुंडाळलेली चादर. फोन मात्र उशाशी, चार्जिंगला लावलेला. त्याचं लोकेशन आमच्या फोनवर दिसतं आणि हे त्याला ठाऊक आहे, त्याच्यासमोरच सुरू केलं होतं. म्हणजे फोनच्या हिशेबाने साहेब घरीच झोपले होते! तीनच्या सुमारास परत आला, बूट हातात घेऊन, अनवाणी. मी दिवा लावला नाही, बोलले नाही. त्यानंतरही तो गेलेला आहे.

कुठे जातो, कुणाबरोबर, काही माहीत नाही. दारू-सिगरेटचा वास येत नाही, घरातले पैसे जागच्या जागी आहेत, शाळेतून तक्रार नाही. फक्त सकाळी उठवताना नाकी नऊ येतात.

नवऱ्याचं म्हणणं, दोन्ही दारांना कुलपं घालू आणि एकदा रंगेहाथ पकडू. मला पकडण्यात रस नाही. पकडलं की तो मान खाली घालून 'सॉरी' म्हणेल आणि पुढच्या वेळी खिडकीला तेल घालेल. त्याने स्वतः सांगावं असं मला वाटतं. पण मला माहीत असून मी गप्प बसायचं आणि त्याच्या तोंडून निघायची वाट बघायची, हाही एक प्रकारचा सापळाच झाला ना? कुणी यातून गेलं असेल तर सांगा. सरळ बोलावं का? कधी, कसं? आणि कुलपाचं काय करायचं?

स्पष्टवक्ती
राग मानू नका, पण सोळा वर्षांचं पोर रात्री तीनला रस्त्यावर आहे आणि तुम्ही त्याच्या मनाचा विचार करताय? आधी बाहेर जाणं बंद करा, मग मन वगैरे. आमच्या वेळी वडिलांचं नुसतं खाकरणं पुरायचं. नवऱ्याचं बरोबर आहे, कुलूप लावा.

दारकरी
कुलपावरच बोलतो, कारण माझं कामच दारं-खिडक्यांचं आहे. आतून किल्लीचं कुलूप घालून किल्ली आपल्या उशाखाली ठेवू नका. रात्री आग लागली, गॅस गळला, तर अंधारात धुरात किल्ली शोधताना घरातले सगळेच अडकतात. खिडकीला पक्के गज ठोकून घेण्याचंही तेच. बाहेर पडायची वाट आतून किल्लीशिवाय उघडलीच पाहिजे. हवं तर दार उघडल्यावर वाजणारी छोटी घंटी मिळते, सेन्सरची. ती लावा, पण त्याला सांगून लावा. चोरून लावलीत तर तो आठवडाभरात तिची बॅटरी काढेल आणि तुम्हाला वाटत राहील की पोरगा सुधारला.

निशाचर
मी या कडीच्या पलीकडचा माणूस. सोळा-सतराव्या वर्षी मी हेच करायचो (आमच्याकडे तेल नाही, मेण). आईवडिलांना वाटतं बाहेर काहीतरी भयंकर चाललंय. आमचं म्हणाल तर तिघं मित्र एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून गप्पा मारायचो. गप्पाही दिवसा मारायचो त्याच. पण दिवसाचा प्रत्येक तास कुणीतरी वाटून दिलेला असतो, शाळा, क्लास, घर. रात्र कुणी दिलेली नसते, ती आपण घेतलेली असते. सगळी मजा त्यात होती.

आता घाबरवणारा भाग. एकदा आमच्यातला एक जण भिंतीवरून उडी मारताना पडला, पायाचं हाड मोडलं. तो कळवळतोय आणि आम्ही दोघं बराच वेळ नुसते वाद घालतोय की फोन कुणाच्या घरी करायचा. कारण फोन करणं म्हणजे पकडलं जाणं. शेवटी त्याला धरून, लंगडत, त्याच्या घराच्या दारात नेऊन बसवला, बेल दाबली आणि पळालो. आज लिहितानाही लाज वाटते.

ताई, तुमच्या मुलाचा फोन उशाशी असतो हे वाचून मला तेच आठवलं. लोकेशनमुळे तो जायचा थांबला नाही, फक्त फोनशिवाय जायला लागला. म्हणजे आता काही झालं तर त्याच्याकडे फोनसुद्धा नाही. कुलपाआधी हे सोडवा.

शाळेतली ताई
शाळेत समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे अशी घरं बरीच पाहिली आहेत. थोडं सविस्तर लिहिते.

स्टॅटिन आणि केर या दोन संशोधकांनी 2000 साली स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुलं कुठे असतात, काय करतात हे ज्या पालकांना चांगलं ठाऊक असतं, त्यांची मुलं कमी अडचणीत येतात, हे आधीपासून माहीत होतं. त्यावरून सगळे निष्कर्ष काढायचे की पाळत ठेवा. या दोघांनी विचारलं, पालकांना हे कळतं कसं? तर बहुतांशी मुलं आपणहून सांगतात म्हणून. चौकशी आणि नियम यांचा वाटा त्या मानाने कमी निघाला. तेव्हा तुमचं 'त्याने स्वतः सांगावं' हे भाबडेपणाचं नाही. फक्त त्यासाठी वाट बघत बसू नका. तुम्हाला माहीत आहे हे तुम्हीच आधी सांगा. मुलाची परीक्षा घ्यायची असेल तर उत्तरपत्रिका आपल्या हातात आहे हे त्याला कळलं पाहिजे. 'काल रात्री कुठे होतास?' हा प्रश्न उत्तर माहीत असताना विचारला, की तो फक्त खोटं बोलायचं आमंत्रण ठरतो.

रात्री दारात गाठू नका. तो घाबरलेला, तुम्ही चिडलेल्या, आणि तीन वाजता कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. परत येताना दिसलाच तर 'आलास, बरं झालं. झोप, उद्या बोलू' एवढंच म्हणा. दुसऱ्या दिवशी शक्यतो समोरासमोर न बसता बोला, गाडीत किंवा काहीतरी काम करताना. डोळ्यांत बघून बोलायची सक्ती नसली की या वयाची मुलं जास्त बोलतात. सुरुवात सरळ करा: 'तू रात्री बाहेर जातोस हे मला माहीत आहे. मला भीती वाटते. कुठे जातोस ते ऐकायचंय.' आणि मग गप्प राहा. ही शांतता आई-बापांना सहन होत नाही, आणि मग ते स्वतःच भाषण सुरू करतात.

स्पष्टवक्ती, तुमचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. नियम हवाच, आणि तो मोडला तर काहीतरी भरावंही लागलं पाहिजे. पण महिनाभराची कैद नको. तिसऱ्या दिवसापासून ती तुम्हालाच पाळता येत नाही. दोन शनिवार-रविवार संध्याकाळी घरी, असं छोटं आणि ठरलेलं. त्याच वेळी उजळ माथ्याने बाहेर राहण्याची एक वेळ ठरवून द्या.

काही गोष्टी मात्र दिसल्या तर हे सगळं बाजूला ठेवून लगेच मदत घ्या: अंगावर मार किंवा जखमा, कुठून आले ते सांगता न येणारे पैसे किंवा वस्तू, लपवलेला दुसरा फोन, वयाने बराच मोठा 'मित्र', मेसेज वाजला की चेहरा पडणं, जगण्याला कंटाळल्याची भाषा. कुणी ऑनलाइन ओळखीवर धमकावून बोलावत असेल तर तिथे मुलगा गुन्हेगार नसतो, हे त्याला पहिल्या वाक्यात कळू द्या. आणि एक प्रश्न स्वतःच्या घरालाही विचारायचा असतो, तो बाहेर जातोय की घरातल्या कशापासून पळतोय? तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण वाचणारे बरेच असतात म्हणून लिहिलं.

अर्धी झोप
सकाळच्या नाकी नऊंबद्दल. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा वाढतं, त्यामुळे अकराच्या आधी झोप न येणं हे नाटक नसतं. 13 ते 18 वयाला 8 ते 10 तास झोप लागते असं झोपेच्या डॉक्टरांच्या अमेरिकी संघटनेने 2016 मध्ये सांगितलं होतं. म्हणून तो बाहेर जातो असं नव्हे, पण सगळं घर झोपलेलं आणि हा टक्क जागा, ही वेळ रोजच येते.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. स्पष्टवक्ती, तुमचेही; तुमचा प्रतिसाद नवऱ्याने दोनदा वाचून दाखवला. दारकरी, कुलूप रद्द. घंटी लावली, त्याच्याकडूनच स्क्रू पिळून घेतले.

बोलले. कपड्यांच्या घड्या घालताना. मला माहीत आहे म्हटल्यावर आधी त्याचे कान लाल झाले, मग म्हणाला, 'कधीपासून?' बऱ्याच वेळाने निघालं ते एवढंच: सायकल. तिघं मित्र रिकाम्या रस्त्यांवर सायकल चालवतात. मी वाट बघत होते अजून काहीतरी येईल, पण तेवढंच. माझा विश्वास बसला, नवऱ्याचा अर्धा.

ठरलं ते असं. शनिवारी साडेदहापर्यंत उघडपणे सायकल, दिवा आणि हेल्मेटसकट. फोन खिशात. कुठेही अडकला तर फक्त एक ठरलेलं अक्षर पाठवायचं, आम्ही न्यायला येऊ आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. चोरून गेल्याबद्दल दोन शनिवार कापले. कुरकुर केली, पण मान्य केलं.

आता नवीन पेच. बोलता बोलता निसटलं की त्यातला एक हल्ली भावाची मोटरसायकल आणतो. लायसन्स नाही, आणि तिघं बसतात. बाकी दोघांच्या घरी काहीच माहीत नाही. 'तू त्यांच्या आईला सांगितलंस तर मी परत कधी काही सांगणार नाही' असं तो म्हणाला. शेवटी बोलायला लागलाय, आणि मी लगेच फोन फिरवायचा?

निशाचर
फिरवायचा. सायकलीपुरतं असतं तर मी म्हटलं असतं थांबा.

शाळेतली ताई
निशाचरांशी सहमत. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा 2005 चा एक प्रयोग आहे, संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळाचा. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकटं असतानापेक्षा जास्त धोका पत्करतात, मोठ्या माणसांमध्ये तसा फरक पडला नाही. इथे तर मित्र मागच्या सीटवर आहेत.

पण त्याच्या पाठीमागून फोन करू नका. त्याला सांगा, 'तू सांगितलंस म्हणून मी तुला शिक्षा वाढवणार नाही. पण मोटरसायकलचं माझ्या पोटात राहणार नाही. उद्या रात्रीपर्यंत त्या दोघांना घरी सांगायला सांग, नाहीतर परवा मी फोन करीन.' चार दिवस रुसेल. फोन केलात तर 'तुमचा मुलगा' अशी सुरुवात करू नका, 'आमची मुलं रात्री बाहेर जात होती' असं म्हणा. समोरची आई निदान फोन ठेवून देणार नाही.

धागाकर्ती
सांगितलं त्याला. दार आपटून गेलाय, खोलीतच. त्या दोघांना मेसेज करतोय असं दिसतंय. फोन करावा लागला तर काय झालं ते इथे लिहीन.