तासिका तत्त्व: दर वाढवायचा की मोजमापच बदलायचं?

साकव:
सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर (क्लॉक अवर बेसिस) नेमलेल्या प्राध्यापकांच्या मानधनाचा विषय निघाला की सगळे ताशी दरावर भांडतात. माझ्या मते खरी खोट घड्याळी तासावर पैसे मोजण्यात आहे, आणि कोकणात ती जास्तच टोचते.

दर 900 रुपये धरा, आठवड्याला 9 तास. महिन्याचे 32,400 दिसतात, ऐकणारा म्हणतो बरे आहेत की! पण शिकवण्याचे आठवडे वर्षाला 30. म्हणजे 270 तास, 2,43,000 रुपये. बारा महिन्यांवर पसरले की 20,250, आणि तेसुद्धा एकही तास बुडला नाही तर.

बुडतात मात्र हमखास. जुलैत रेड अलर्ट आला, जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली, की कायम प्राध्यापकाचा पगार चालू आणि सीएचबीचे त्या दिवसाचे दोन-तीन तास पाण्यात. गणपती, दिवाळी, परीक्षांचे आठवडे, अख्खा मे कोरडा. दुसरी गळती 48 मिनिटांची. तासिका 48 मिनिटांची असेल तर पाच तासिका घ्याव्यात तेव्हा चार घड्याळी तास भरतात. 9 तासिकांचे 7.2 तास होतात. हजेरीपटावर तासिका आणि बिलात तास असं झालं की बिल त्रुटी लागून परत येतं, मग तो महिना पुढच्या महिन्यात. तिसरी गळती वर्कलोडच्या, म्हणजे शिकवायच्या तासांच्या मान्यतेची. वर्ग सुरू झाले, आदेश आला नाही, तर मधल्या तासांना वाली कोण?

म्हणून विषयागणिक सत्राची रक्कम ठरवा. त्यात तयारी, अंतर्गत परीक्षा आणि तपासणी धरा, सहा समान हप्त्यांत द्या, कपात फक्त शिक्षक स्वतः गैरहजर असेल तेव्हा.

खतावणी:
कागदावर झकास. तृतीय वर्षाच्या ऐच्छिक विषयाला जूनमध्ये 14 नावं असतात, गणपतीनंतर 6 उरतात, बाकीची मुंबईला नोकरीला. विषय बंद पडला तर उरलेले हप्ते कोणाच्या माथी? अनुदानित तुकडीत निदान शासन आहे. विनाअनुदानित तुकडीत पैसा फीमधूनच येतो. एका विषयाचे 45 तास, दर 1,500, झाले 67,500. वर्गात 20 मुलं असली तर एका विषयापायी मुलामागे 3,375, पाच विषयांचे 16,875, तेही एका सत्राचे. आंबा-काजूवर घर चालवणारा बाप ही फी भरेल का? संस्था विषयच बंद करेल आणि सीएचबीवाला 20,250 लाही मुकेल.

साकव:
विषय बंद पडण्याची तारीख ठरवा. सत्राच्या चौथ्या आठवड्यानंतर बंद केला तर निम्मी रक्कम द्यायची, हे नेमणूकपत्रातच लिहा. आज सगळी जोखीम एकट्या शिक्षकाच्या गळ्यात आहे.

आणि 1,500 आला कुठून ते बघा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जानेवारी 2019 मध्ये अतिथी प्राध्यापकांना व्याख्यानामागे 1,500, महिन्याला कमाल 50,000 असं ठरवलं. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700, आठवड्याचा अध्यापनभार 16 तास. 9 तासांच्या प्रमाणात 32,456 होतात. वर्षाचे 3,89,475, भागिले 270 तास: 1,442. म्हणजे 1,500 म्हणजे महागाई भत्ता वगळून मूळ वेतनाचा हिस्सा, फार तर. चैन कुठे आहे त्यात?

खतावणी:
भागाकार बरोबर, भाजक चुकला. यूजीसीच्याच 2018 च्या नियमांत कायम प्राध्यापकाचा आठवडा 40 तासांचा आहे, 16 हा त्यातला फक्त शिकवण्याचा भाग. प्रवेश, नॅक (कॉलेजचं मूल्यांकन), परीक्षा विभाग, एनएसएस बाकीच्या 24 मध्ये येतं. सीएचबीवर ते बंधन नाही.

साकव:
नियमात नाही, पण प्रत्यक्षात वर्गाबाहेर ते काम आहेच. नॅकच्या फायली आणि पर्यवेक्षण कोणाला देतात ते कुठल्याही स्टाफरूममध्ये दिसेल. तपासणीचंच घ्या: 60 मुलं, दोन चाचण्या, उत्तरपत्रिकेला 8 मिनिटं, झाले 16 तास. बिलात रकाना नाही.

आगोट:
गाऱ्हाणां घालून बिल पास होणा नाय, म्हणून दोघांनाही विरोध. सत्राची रक्कम आली की शासनाला कायम पद न भरण्याचं आणखी एक कारण मिळेल. उमादेवी खटल्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालापासून तात्पुरत्या सेवेवर कायम होण्याचा हक्क सांगता येत नाही, हे लक्षात ठेवा. त्याच न्यायालयाचा तात्पुरत्या कर्मचाऱ्यांच्या वेतनाबद्दलचा 2016 चा जगजीत सिंग निकाल आणि ऑगस्ट 2025 मधला गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा निकाल वेतनश्रेणीच्या किमान पातळीपर्यंत नेतो, पण ती माणसं पूर्णवेळ काम करत होती. 9 तासांवर ठेवायचं ते याचसाठी. भांडायचं तर 9-9 तासांच्या दोन नेमणुका जोडून एक पद करा म्हणून भांडा.

साकव:
ते भांडा, मी सोबत. तोवर वेळापत्रक तरी सुधारा. 9 तास पाच दिवसांत पेरले की राजापूरहून कणकवलीला येणाऱ्याला पाच फेऱ्या, आणि दुसऱ्या कॉलेजचा एकही दिवस मोकळा राहत नाही. सोमवार ते बुधवार तीन-तीन तास लावले तर दोन फेऱ्यांचं भाडं वाचतं. याला शासन निर्णय लागत नाही.

खतावणी:
त्याला हरकत नाही. पण तीन तास सलग लावलेत आणि त्याच बुधवारी रेड अलर्ट आला, तर तीनही गेले.