बग रिपोर्ट केला की 'माहिती अपुरी' म्हणून बंद करतात, नक्की लिहायचं तरी काय?

बुरूजवाला
मी एक ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेम खेळतो. त्यात तटबंदीचं अपग्रेड लावून मध्येच कॅन्सल केलं तर दगड कधीकधी दुप्पट परत मिळतो. दरवेळी नाही होत, आणि फक्त मल्टिप्लेअरमध्येच होतं. व्हिडिओसकट रिपोर्ट केला तर 'आमच्याकडे असं होत नाहीये, माहिती अपुरी' म्हणून तिकीट बंद केलं. टीममधला एकजण म्हणतो, कोणाला कळलं नाहीये तोवर वापरून घे. मला ते अजिबात पटत नाही, समोरचा बिचारा प्रामाणिकपणे खेळत असतो. आणि नव्या पॅचनंतर (म्हणजे गेमच्या अपडेटनंतर) घोडदळ फार भारी झालंय, तेही याच रिपोर्टमध्ये लिहू का?

रीप्लेवाली
व्हिडिओत फक्त दिसतं काय झालं ते, आतमध्ये का झालं ते कळत नाही, म्हणून रीप्ले फाइल, म्हणजे गेमने साठवलेली मॅचची नोंद, जोड. बऱ्याच रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेममध्ये नेटवरून फक्त खेळाडूंचे हुकूम जातात आणि अख्खी लढाई प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर वेगवेगळी पण तंतोतंत सारखीच चालते, १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स असाच बनवला होता, कारण तेव्हाच्या मोडेमवरून शेकडो सैनिकांची माहिती पाठवणं शक्यच नव्हतं. अशा गेमच्या रीप्लेमध्येही मुख्यतः हुकूमच असतात, त्यामुळे फाइल छोटी असते आणि डेव्हलपर तीच मॅच परत चालवून नेमक्या त्या क्षणाला थांबवून बघू शकतो. पण पॅच आला की नियम बदलतात, मग तेच हुकूम देऊनही मॅच भलतीकडेच जाते. म्हणून रीप्ले लगेच पाठव आणि गेमचा व्हर्जन नंबर लिहायला विसरू नकोस.
तुझा गेम सगळा हिशोब सर्व्हरवर करत असेल तर मात्र मॅच आयडी आणि वेळ द्यावी लागेल. वेळ टाइमझोनसकट दे, सर्व्हरचे लॉग (नोंदी) बरेचदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात.

तिसरी चाल
माझ्या मते खरी गोम त्या 'कधीकधी'मध्ये आहे. मी टेस्टिंगचंच काम करतो, आणि असे बग सापडत नाहीत ते याच शब्दामुळे. बॉटसोबत (कॉम्प्युटर चालवतो त्या खेळाडूसोबत) होतं का, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त असतानाच होतं का, कॅन्सल एकदा दाबलं की पटापट दोनदा, हे एकेक करून बघ, एका वेळी एकच गोष्ट बदल. मला वाटतं लॅगमध्ये दोन कॅन्सल एकापाठोपाठ पोचत असतील आणि दोन्हींचा दगड परत मिळत असेल. पण असला अंदाज शेवटी, 'अंदाज' म्हणूनच लिही, नाहीतर वाचणारा त्याच्याच मागे लागतो.
आणि हा एक्स्प्लॉइट आहे, म्हणजे गैरफायदा घेता येईल असा बग, तेव्हा स्टेप्स पब्लिकमध्ये टाकू नकोस भावा, प्रायव्हेट रिपोर्टची सोय असेल तर तिथेच पाठव.

प्यादं
घोडदळाचं वेगळं लिहा, प्लीज. तो बग नाही, बॅलन्सचा (कोणतं सैन्य किती ताकदवान असावं याचा) विषय आहे आणि तो बघणारी माणसं बरेचदा वेगळी असतात. 'घोडदळ नर्फ (कमजोर) करा' एवढंच लिहिलंत तर त्यातून काहीच हाती लागत नाही. मॅप कुठला, रेटिंग साधारण किती, तुम्ही घोडदळाला अडवायला भालेवाले काढले होते का आणि ते वेळेत का पोचले नाहीत, हे सांगा. कदाचित घोड्यांचा हल्ला ठीकच असेल आणि वेगच जास्त झाला असेल. अडचण नेमकी सांगितलीत की उपाय त्यांना सुचतो, आपण आकडे ठरवून दिले तर चर्चा त्या आकड्यांवरच अडकते. आणि जे चांगलं झालंय तेही मनापासून लिहा, नाहीतर पुढच्या पॅचमध्ये तेच उडवतील.

बुरूजवाला
मनापासून आभार सगळ्यांचे! पिंग जास्त असताना दोनदा दाबलं की होतंय, एकदा दाबलं तर नाही, आणि बॉटसोबत पण जमलं. आता असं लिहिलंय: 'रँक्ड आणि कस्टम दोन्हीत. दगडी तटाचं अपग्रेड लावा, ते चालू असताना कॅन्सल पटकन दोनदा दाबा. अपेक्षित: अपग्रेडला लागला तेवढाच दगड परत. प्रत्यक्षात: दुप्पट. पिंग कमी असताना होत नाही. रीप्ले आणि व्हर्जन सोबत.' घोडदळाचं वेगळं टाकतोय.

रीप्लेवाली
मस्त. फक्त रीप्लेमध्ये कितव्या मिनिटाला होतं ते लिही, नाहीतर त्यांना पूर्ण मॅच बघत बसावी लागेल. आणि जुन्या तिकिटाचा नंबर पण टाक.