अ‍ॅक्रॉस गेला, परत आला, पण अर्धाच

भटका
एप्रिल २०१८ मध्ये फुजीने निओपान अ‍ॅक्रॉस १०० हा ब्लॅक अँड व्हाइट रोल बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा बसलेला राग अजून गेलेला नाही. ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ट्राय-एक्स रोलला प्रकाश मोजणाऱ्या मीटरने दहा सेकंद एक्सपोजर दाखवलं, तर कोडॅकच्या जुन्या तक्त्याप्रमाणे पन्नास द्यावे लागतात. अ‍ॅक्रॉसला दोन मिनिटांपर्यंत मीटर म्हणेल तेवढेच. माळशेजच्या धबधब्यासमोर एका हातात छत्री, दुसऱ्यात केबल रिलीज, तिथे तक्ता कोण बघणार?

दीड वर्षाने, नोव्हेंबर २०१९ मध्ये, अ‍ॅक्रॉस टू आला. खोक्यावर ‘मेड इन यूके’. नाव ह्यांचं आणि स्वयंपाक शेजारच्या घरी! रोल बंद करण्यात कोडॅकही मागे नाही. एचआयई हा इन्फ्रारेड रोल २००७ मध्ये गेला, प्लस-एक्स २०११ मध्ये. इन्स्टॅक्स या झटपट फोटोच्या कॅमेऱ्यांवर फुजी एवढी कमावते, त्यातलं चिमूटभर इकडे टाकलं असतं तर काय बिघडलं असतं?

हायपो
२०१७ साली अ‍ॅक्रॉसचे किती रोल घेतलेस? खरं सांग.

भटका
सहा.

हायपो
आणि बंदची बातमी आल्यावर?

भटका
चाळीस. फ्रीजरमध्ये आहेत. बायको मटारच्या पिशव्या ठेवायला जागा मागते.

हायपो
बघ, वरातीमागून घोडं ते हेच. फिल्म म्हणजे पापड नव्हे, की मागणी आली तसे चार लाटले. चार-साडेचार फूट रुंद आणि हजारो फूट लांब पट्ट्यावर अंधारात कोटिंग होतं, मग कापणी. यंत्र एकदा चालू केलं की निघणारा माल मुदत संपायच्या आत खपला पाहिजे. त्यात लागणारी रसायनं बाहेरून येतात, तो पुरवठादार थांबला की सूत्रच बदलावं लागतं. फुजीने अ‍ॅक्रॉस टू आणताना हेच सांगितलं होतं: मूळ कच्चा माल मिळत नाही, पर्याय शोधून काढला.

शिवाय तुझी मुख्य तक्रारच लंगडी आहे. दोन मिनिटांपर्यंत भरपाई नको, हा गुण अ‍ॅक्रॉस टूमध्येही आहे. कोटिंग कुणाच्या का घरी होईना, तुझा धबधबा तसाच येणार.

अंधारखोली
हायपोदादा, भटक्याचं भागलं असेल, माझं नाही. मी फोर बाय फाइव्हवर, म्हणजे चार बाय पाच इंचाच्या सुट्या शीट फिल्मवर, काम करते. जुना अ‍ॅक्रॉस शीटमध्ये मिळायचा, नवा फक्त पस्तीस एमएम आणि वन-ट्वेंटी रोलमध्ये आला. ‘अ‍ॅक्रॉस परत आला’ म्हणून सगळे पेढे वाटत होते, तेव्हा मी गप्प होते.

आणि दरवेळी मागणीचं कारण पटत नाही. कोडॅकने पी३२०० हा रोल २०१२ मध्ये बंद केला आणि २०१८ मध्ये परत आणला. मधल्या सहा वर्षांत फोटोग्राफर आभाळातून पडले का? हिशेब चुकला होता, एवढंच. इलफर्ड बघा, वर्षातून एकदा विचित्र मापांच्या शीटच्या ऑर्डरी गोळा करते आणि तेवढाच माल काढते. फुजीला हे सुचू नये?

हायपो
ताई, पी३२००चं मान्य. इलफर्डचं नाही. ती आधीपासून बनत असलेली फिल्म वेगळ्या मापात कापते. शीटचा पाया जाड असतो, रोलचा पातळ. म्हणजे अ‍ॅक्रॉसच्या शीटसाठी स्वतंत्र कोटिंग आलं. ऑर्डरी गोळा करून कापणी परवडते, कोटिंग नाही.

अंधारखोली
मग तसं सांगा ना! वर्षभर आधी सांगा की एवढी नोंदणी झाली तर शेवटचं कोटिंग करू. आम्ही आगाऊ पैसे भरू. थेट ‘बंद’ची पाटीच का लावायची?

वन_ट्वेंटी_आजोबा
तुम्ही सगळे जपान-अमेरिकेवर रडताय. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कोणाला आठवतो का? सरकारी कारखाना, आपला रोल, आपला कागद. आम्हीच त्याला नावं ठेवायचो आणि कुणी परदेशातून आलं की कोडॅक मागायचो. नव्वदच्या दशकात कारखाना आजारी पडला, तेव्हा एकाही फोटोग्राफरने अश्रू गाळले नाहीत. मीही नाही.

भटका
आजोबा, इंदू वाईट होता म्हणून सोडलात. अ‍ॅक्रॉस चांगला होता.

वन_ट्वेंटी_आजोबा
चांगला होता, तरी वर्षाला सहा?

हायपो
आणि क्रोएशियाची एफके फिल्म? पंचवीस स्पीडचा तसा रोल पुन्हा झाला नाही. २०१२ मध्ये जुनं यंत्र मोडलं, दुरुस्ती परवडेना, कारखाना बंद. तिथे ना इन्स्टॅक्स होता, ना कुणाचा लोभ.

अंधारखोली
म्हणूनच फुजीवर राग आहे. त्यांचं यंत्र मोडलं नव्हतं.

भटका
ताई, चाळीसातले बारा रोल देतो, वन-ट्वेंटीचेच आहेत. तुमच्या फोर बाय फाइव्हला मागे रोल फिल्म बॅक, म्हणजे रोल बसवायचा डबा, लागतो का?

अंधारखोली
लागतो. पण मग शीटचा कॅमेरा खांद्यावरून वाहायचा कशाला? असो. बारा नको, पाच द्या. पैसे घ्यायचे मात्र.