उत्तर: रॅम कुठे गेली?
तुम्ही विचारलंय की लॅपटॉपवर ८ जीबी रॅम लिहिलीय आणि वापरायला ५.९ जीबीच दिसते, ती गेली कुठे. म्हणून दुकानदाराने फसवलं असं लगेच समजू नका. तुमच्या रायझन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला (जीपीयू, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) स्वतःची मेमरी नसते. मशीन सुरू होतानाच बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मूळ प्रोग्राम) रॅमचा एक तुकडा, तुमच्याकडे बहुधा २ जीबी, त्याच्या नावावर करून टाकतो. टास्क मॅनेजरमध्ये 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' दिसतं ते हेच. तिथलाच 'शेअर्ड जीपीयू मेमरी' हा आकडा मात्र वेगळा. ती साधारण निम्म्या रॅमएवढी कमाल मर्यादा आहे, अडवून ठेवलेली जागा नव्हे. लागेल तशी घेतात, काम झालं की परत.

वर कुणीतरी बायोसमध्ये जाऊन ग्राफिक्सचा हा राखीव वाटा ४ जीबी करा असं सुचवलंय. ८ जीबीच्या मशीनवर कृपया नको! ब्राउझरला चार टॅब उघडताना धाप लागेल. उलट सोय असेल तर ५१२ एमबीवर आणून बघा. काही गेम सुरू होताना राखीव आकडाच तपासतात आणि अडून बसतात, तेवढा अपवाद.

खरी अडचण जागेपेक्षा वेगाची. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमची एकच पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, आणि त्यात सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू दोघे वाटेकरी. नळ एक, बिऱ्हाडं दोन. दुसऱ्या चॅनेलवर (रॅमकडे जाणाऱ्या दुसऱ्या वाटेवर) तशीच पट्टी लावली की ५१.२ जीबी. भाच्याच्या लॅपटॉपवर मी एवढंच केलं, गेम अडखळायचा थांबला. फक्त दुसरा स्लॉट आहे का ते आधी उघडून बघा, काही मॉडेलांत रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते.