घराला आर. एल. नाही, बँक तारण मागते: मसाला युनिटसाठी कर्ज कसं मिळवायचं?

प्रश्न (उत्तर नागपूर)
मिरची-मसाला दळायचं युनिट टाकायचं आहे. प्रकल्प साडेनऊ लाखांचा, अर्ज माझ्या नावाने. घर गुंठेवारीतलं, ते नियमित केल्याचं नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) आर. एल. लेटर नाही. बँक म्हणते, तारण आणा. चोख कागदांचं घर ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच कर्ज, तर बाकीच्यांनी धंदा उभा करायचा कसा?

उत्तर १
ताई, सूक्ष्म-लघु उद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. काउंटरवरच्या तोंडी नकारावर परत फिरू नका. अर्जाची पोच घ्या, सीजीटीएमएसई (छोट्या उद्योगांच्या विनातारण कर्जाला बँकेकडे हमी देणारा ट्रस्ट) हमीखाली कर्ज द्या असं अर्जातच लिहा आणि नकाराचं कारण लेखी मागा. तक्रारीला 30 दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मात्र हमी बँकेला असते. हप्ते थकले तर वसुली तुमच्याकडूनच होणार.

उत्तर २
पीएमईजीपीचा, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या अनुदानाचा, हिशोब बघा. शहरी हद्दीत महिलेला स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 47,500 घालावे लागतात. अनुदान 25 टक्के, 2,37,500. युनिट ग्रामीण हद्दीत असेल तर 35 टक्के. ही रक्कम हातात येत नाही, 3 वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकते. तेवढ्या कर्जावर व्याज नाही. मशीन आधी घेऊन युनिट सुरू केलंत तर ते जुनं युनिट ठरतं आणि अर्ज बाद होतो. पुष्कळ जणी इथेच अडकतात.

उत्तर ३
खरा फरक कर्ज मिळाल्यानंतर पडतो, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. मोठा व्यापारी कळमन्याच्या बाजारात हंगामात मिरची उचलून शीतगृहात टाकतो. खेळतं भांडवल नसलेली बाई दर महिन्याला पोतं-दोन पोती घेते, पुढे भाव चढला की त्याच चढ्या भावाने. मग दळणात उरणार काय? म्हणून प्रकल्प अहवालात फक्त चक्की आणि पॅकिंग मशीन दाखवू नका, एका उत्पादनचक्राचा कच्चा मालही धरा.

विक्रीत उधारी तर राहणारच. उद्यम नोंदणी (सरकारकडची सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंद) फुकट आहे, पण ती माल देण्याआधीचीच हवी. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं खरेदीदाराला कायद्याने बंधनकारक आहे. चुकला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. पहिल्या चलनापासून पोचपावतीवर सही-शिक्का घ्या. तो नसेल तर थकलेल्या पैशांची तक्रार ऐकणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योग परिषदेपुढे माल पोचला हे सिद्ध करणंच जड जातं.